वाहन ज्ञात, चालक अज्ञात

विदर्भातील कोणतेही दैनिक उघडावे, आतल्या पानावर एक छोटी बातमी हमखास आढळते : 'अज्ञात वाहनाच्या धडकेत एक ठार'. मृत बहुधा सायकलस्वार असतो किंवा पायी घरी निघालेला मजूर असतो. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेसारख्या वस्तीतून पहाटे कामावर निघालेला माणूस असा मेला, तर ठाण्यात नोंद होते, पंचनामा होतो आणि पुष्कळदा आरोपी सापडत नाही म्हणून कागद बासनात जातात. अपुरे मनुष्यबळ, रात्रीचा अंधार, साक्षीदारांचा अभाव ही त्याची ठरलेली कारणे होत. ती सर्वस्वी खोटी नसतीलही. परंतु जेथे यांपैकी एकही कारण नव्हते तेथे काय घडले, हे पाहिले म्हणजे दोष अंधाराचा नसून व्यवस्थेचा आहे हे स्पष्ट होते.

२८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे मुंबईत वांद्रे येथे हिल रोडवरील अमेरिकन एक्स्प्रेस बेकरीपाशी चित्रपट अभिनेते सलमान खान यांची लँड क्रूझर गाडी पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गेली. एक कामगार ठार झाला, चौघे जखमी झाले. येथे वाहन अज्ञात नव्हते. ते जागेवरच उभे होते. ठाणे दूर नव्हते. साक्षीदारांचा तुटवडा नव्हता. इतकेच नव्हे, तर खुद्द पोलीस खात्याचाच एक शिपाई, रवींद्र पाटील, अभिनेत्याचा अंगरक्षक म्हणून त्या गाडीत बसलेला होता, आणि त्यानेच वांद्रे ठाण्यात फिर्याद दिली. तपासाला याहून अनुकूल परिस्थिती कोणत्या पोलीस अधिकाऱ्याला लाभली असेल? तरीही तेरा वर्षांनंतर, १० डिसेंबर २०१५ रोजी, उच्च न्यायालयाने अभिनेत्याला सर्व आरोपांतून मुक्त केले. मद्यप्राशन आणि गाडी चालविणे या दोन्ही गोष्टी सरकार पक्षाला निःसंशयपणे सिद्ध करता आल्या नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. राज्य सरकारने २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली, ती त्यानंतर.

अभिनेता दोषी की निर्दोष, हा या लेखाचा विषय नाही. पुराव्याविना कोणालाही तुरुंगात धाडू नये, मग तो श्रीमंत असो वा गरीब, ही समाजवाद्यांची भूमिका आणीबाणीपूर्वीही होती आणि नंतरही आहे. विषय आहे तो तपासाचा. एक माणूस चिरडला गेला, गाडी सर्वांना ठाऊक आहे, आणि ती कोणी चालविली हे राज्ययंत्रणेला तेरा वर्षांत सिद्ध करता येत नाही! हा निकाल आरोपीच्या निर्दोषत्वाचा दाखला असेल तर त्याहूनही अधिक तो तपासयंत्रणेच्या नालायकीचा दाखला आहे. रक्ताचा नमुना कसा घेतला, कसा जपला, येथपासून शंका उपस्थित झाल्या. गाडीत असल्याचे सांगितले गेलेल्या एका गायकाची साक्ष सरकार पक्षाने नोंदविलीच नाही. २०१४ साली तर साक्षीदारांचे बहुतेक मूळ जबाबच सापडत नसल्याचे न्यायालयाला सांगण्याची पाळी आली. पुढे ते सापडले. शेतमजुराच्या घरून सातबाराचा उतारा हरवला तर त्याला तालुक्याच्या ठिकाणी दहा खेटे घालावे लागतात. येथे खुद्द सरकारच्या ताब्यातील जबाब हरवतात.

कलमांचा प्रवासही उद्बोधक आहे. प्रथम निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याचे, कमाल दोन वर्षे शिक्षेचे, जामीनपात्र कलम लागले. वृत्तपत्रांतून ओरड होताच सदोष मनुष्यवधाचे, कमाल दहा वर्षांचे कलम जोडले गेले. ते उच्च न्यायालयात टिकले नाही. डिसेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय खटला चालविणाऱ्या दंडाधिकाऱ्यांवर सोपविला, आणि जानेवारी २०१३ मध्ये तेच कलम पुन्हा लागले. या दहा वर्षांत काय घडले? रवींद्र पाटील यांची साक्ष सौम्य कलमाखालील खटल्यात झाली. ते साक्षीला हजर राहिनात तेव्हा त्यांनाच अटक करण्यात आली. त्यांची नोकरी गेली, आणि ऑक्टोबर २००७ मध्ये क्षयाने त्यांचा अंत झाला. कठोर कलमाखाली खटला नव्याने उभा राहिला तेव्हा उलटतपासणीला उत्तर देण्यासाठी हा साक्षीदार जिवंत नव्हता. २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली खरी. पण उच्च न्यायालयाने मृत साक्षीदाराची ती जुनी साक्ष विश्वासार्ह मानली नाही. साक्षीतील विसंगतींची चर्चा कायदेपंडितांनी अवश्य करावी. परंतु ज्या खात्याचा तो शिपाई होता त्या खात्याने आपल्या माणसाला कसे सांभाळले, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयाच्या कक्षेत आला नाही.

येथेच पोलिसांच्या हेतूचा मूळ प्रश्न येतो. लाचलुचपतीचा सरसकट आरोप करणे सोपे असते आणि बहुधा निरुपयोगी. पुरावा नसता तो करूही नये. खरा हेतू व्यवस्थेच्या रचनेत दडलेला असतो. ज्या खात्याने अभिनेत्याचे रक्षण करावयाचे, त्याच खात्याने त्याच्याविरुद्ध तपास करावयाचा, ही रचना मुळातच विसंगत आहे. गाडीतील पोलीस एकाच वेळी सेवकही होता आणि फिर्यादीही. अधिकाऱ्याची बदली मंत्रालयाच्या मर्जीवर, मंत्रालयाची मर्जी धनिकांच्या सलगीवर. ओरड वाढली की तोच अधिकारी कठोर कलम लावून छायाचित्रकारांसमोर उभा राहतो. ओरड ओसरली की फाईल थंडावते. 'नामवंतांना पोलीस मुद्दाम छळतात' अशी तक्रार त्यांचे चाहते करतात. तीही कधी खरी असेल. छळ आणि अभय ही एकाच झाडाची फळे आहेत : तपास पुराव्यावर न चालता वातावरणावर चालतो.

आता हद्दीचा प्रश्न. सामान्य माणूस ठाण्यात गेला की 'ही आमची हद्द नव्हे' हे वाक्य त्याला प्रथम ऐकू येते. पण अपघातात बळी पडलेला स्वतः मोठा असला की हद्दी आपोआप विरघळतात. ३ जून २०१४ रोजी केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचे दिल्लीत अपघातानंतर निधन झाले. दुसऱ्या गाडीचा चालक तत्काळ पकडला गेला आणि पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने चौकशी केली. १४ ऑगस्ट २०२२ रोजी विनायक मेटे यांचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मृत्यू झाला, तेव्हा तपास राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. या चौकश्या झाल्या यात गैर काही नाही. त्या व्हावयासच हव्या होत्या. प्रश्न एवढाच की, हीच तत्परता पदपथावरील मजुराच्या वाट्याला का येत नाही? नकाशावरील हद्द ठाण्याची असते. व्यवहारातील हद्द वर्गाची असते.

२०१५ च्या शिक्षेनंतर एका पार्श्वगायकाने रस्त्यावर झोपणाऱ्यांनाच बोल लावला होता. त्याचा पुष्कळ निषेध झाला. परंतु त्याने उघडपणे बोलून दाखविले ते अनेक सुखवस्तू मनांत असते. पदपथावर माणूस हौसेने झोपत नाही. शहराला पहाटेचा पाव हवा असतो, तो भाजणाऱ्याला रात्री पाठ टेकण्यापुरती जागा मिळेल एवढी मजुरी देण्यास मात्र शहर तयार नसते. निवाऱ्याचा जो खर्च मालकाने आणि नगरपालिकेने सोसावयाचा, तो कामगार आपल्या जिवाची जोखीम पत्करून भरतो. हे अर्थशास्त्राचे साधे गणित आहे, आणि त्या रात्री त्याची वसुली झाली.

कालमान बदलले, कायदे बदलले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने निष्काळजीपणाच्या मृत्यूची कमाल शिक्षा पाच वर्षे केली. धडक देऊन न कळविता पळणाऱ्यास दहा वर्षांची तरतूद मात्र, जानेवारी २०२४ मधील मालमोटार चालकांच्या संपानंतर, अमलात आणली गेली नाही. चालकांची भीती रास्त होती : थांबावे तर जमावाच्या हाती मरण, जावे तर दहा वर्षे. कठोर कलमाचा पहिला बळी नेहमी पगारी चालकच असतो. शिक्षा वाढविल्याने तपास सुधारत नाही, याचा पुरावा १९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगरने दिला. दोन तरुण अभियंते ठार झाले. धनिक घरातील अल्पवयीन मुलाला निबंध लिहिण्याच्या अटीवर त्याच दिवशी जामीन मिळाला. वरिष्ठांना वेळीच न कळविल्याबद्दल येरवडा ठाण्याचे दोन अधिकारी निलंबित झाले, आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. वांद्र्यात शंका रक्ताच्या नमुन्याची होती, पुण्यात आरोप रक्ताच्या नमुन्याचाच. बावीस वर्षांत काय शिकलो?

उपाय नवे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात ते सांगून ठेवले आहेत : तपास आणि बंदोबस्त यांची शाखा वेगळी करावी, बदल्या मंत्र्यांच्या लहरीतून सोडवाव्यात, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती केली, पण कागदावरील दुरुस्ती ठाण्याच्या पायरीपर्यंत पोहोचत नाही. यात आणखी एका मागणीची भर घातली पाहिजे : पोलीस संरक्षण घेणारी व्यक्ती अपघातात गुंतली असेल तर तपास त्या आयुक्तालयाबाहेरील पथकाने करावा, आणि साक्ष देणाऱ्या पोलिसाच्या नोकरीला खटला संपेपर्यंत संरक्षण असावे.

मोर्चे आणि निवेदने होतच राहतील. पण पक्षकार्यकर्त्यांचे काम त्याआधी, गावातच सुरू होते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून घेणे प्रत्येक ठाण्याला बंधनकारक आहे. 'हद्द नव्हे' म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला ते ऐकवावे. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. वाहन खरोखरच अज्ञात राहिले तरी १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे; त्याचा अर्ज तहसील वा उपविभागीय कार्यालयातून जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. विधवेला ही गोष्ट कोणी सांगत नाही. दोन लाखांत माणसाची किंमत होत नाही. पण तेवढेही न मिळणे हा दुसरा अपघात आहे, आणि तो टाळणे कार्यकर्त्यांच्या हाती आहे. पिपरी मेघेचा सायकलस्वार असो की वांद्र्याचा बेकरी कामगार, त्याच्यामागे कोणी उभे आहे हे ठाण्याला एकदा कळले की तपासाची वही आपोआप उघडते, असा अनुभव आहे. ती उघडी ठेवणे हेच संघटनेचे काम.