पणजीचे माहेर

तुमच्या पणजीचे माहेरचे आडनाव काय, असे मी आत्ता विचारले तर तुम्हांला सांगता येईल? लाजू नका. हा प्रश्न मी अलीकडे ओळखीपाळखीच्या पुष्कळांना घालून पाहिला. आजोबांचे नाव सगळे सांगतात, पणजोबांपाशी बरेच जण अडखळतात आणि पणजीच्या माहेरापाशी तर गाडी साफ थांबते. पण १७६७ साली फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर काही परागंदा शेतकऱ्यांनी ही परीक्षा तोंडी दिली आणि ते उत्तम रीतीने पास झाले. त्यांची हकीकत मला सांगायची आहे.

हे लोक मूळचे फ्रेंच. सतराव्या शतकात त्यांचे पूर्वज अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या उत्तरेला, आज जिला नोव्हा स्कोशिया म्हणतात त्या भूमीत, जाऊन राहिले. त्या मुलखाला तेव्हा अकेडिया म्हणत. तिथल्या फंडीच्या उपसागराला भरती येते ती ५० फुटांपर्यंत चढते! पण या पठ्ठ्यांनी समुद्रालाच जमीन मागितली. खाजणाभोवती मातीचे बांध घातले आणि बांधाच्या पोटात लाकडी दार बसवले. ओहोटीला आतले गोडे पाणी ते दार ढकलून बाहेर पडे आणि भरती आली की तेच दार आपोआप मिटे. दोनतीन वर्षांच्या पावसाने मीठ धुऊन गेले की मग पीक काय विचारता! गोव्याकडच्या वाचकांना आपल्या खाजणांतले ‘मानस’ इथे आठवले असेल. दोन्हींतली युक्ती एकच.

या सुखाला दृष्ट लागली ती राजकारणाची. १७१३ च्या तहाने अकेडिया इंग्रजांकडे गेली. नव्या धन्याने राजनिष्ठेची शपथ मागितली. शेतकरी म्हणाले, शपथ घेतो, पण आमच्याच फ्रेंच भाईबंदांवर बंदूक उचलायला लावू नका. चाळीस वर्षे हे घोंगडे भिजत राहिले. पुढे इंग्रज-फ्रेंचांत पुन्हा चकमकी सुरू झाल्या आणि २८ जुलै १७५५ रोजी गव्हर्नर लॉरेन्सच्या सल्लागार मंडळाने ठरवले, की या सगळ्यांना उचलून दूरदूरच्या वसाहतींत विखरून टाकायचे. म्हणजे ते पुन्हा एकत्र यायला नकोत.

५ सप्टेंबरला ग्राँ-प्रे या गावी कर्नल विन्स्लोने आसपासच्या पुरुषांना आणि मोठ्या मुलांना देवळात बोलावले. ४१८ जण जमले. दारे लागली आणि हुकूम वाचून दाखवण्यात आला : जमीन, घरे, गुरेढोरे सरकारजमा; बरोबर न्यायचा तो रोकड पैसा आणि चार भांडीकुंडी. त्या वर्षी सहा हजारांहून जास्त माणसे गलबतांत कोंबून पाठवली गेली आणि मागे घरांना आगी लावण्यात आल्या. एका कुटुंबाने एकाच जहाजात जावे असे कागदावर होते. पण गडबडीत कितीतरी घरे फुटली. भाऊ एका बंदरात आणि बहीण दुसऱ्याच बंदरात, अशी गत झाली.

व्हर्जिनिया वसाहतीच्या वाट्याला आलेल्यांचे हाल तर काही विचारू नका. तिथल्या लोकांनी त्यांना ठेवून घ्यायचेच नाकारले आणि १७५६ साली सरळ इंग्लंडला धाडले. लिव्हरपूल, ब्रिस्टल, साउदॅम्प्टन अशा बंदरांत सात वर्षे ते अडकून पडले. देवीच्या साथीत कित्येक दगावले. १७६३ साली तह झाला (त्याच तहाने आपल्याकडची पाँडिचेरी फ्रेंचांना परत मिळाली) तेव्हा उरलेसुरले लोक फ्रान्सला पोचले. १७६५ साली त्यांतल्या ७८ कुटुंबांना बेल-ईल नावाच्या बेटावर जमीन मिळाली.

मंडळी, आता खरी गोष्ट येते. घर मिळाले, शेत मिळाले, पण हे लोक कोण, कुणाचे, याचा कागद कुठे होता? जन्माची आणि लग्नाची नोंद गावच्या चर्चच्या वहीत असायची, आणि गावाची तर राख झालेली. मग लग्ने जुळवताना नाते कसे पाहायचे? वारसा कसा ठरवायचा? शेवटी ब्रिटनीच्या वरिष्ठ न्यायालयाने हुकूम काढला, की कुटुंबप्रमुखांनी शपथेवर आपली वंशावळ सांगावी आणि ती लिहून घ्यावी.

एकेक जण पुढे आला. मी अमुक साली अमुक गावी जन्मलो, माझा बाप अमका, आई अमकी, तिचा बाप तमका, असे सांगत सांगत फ्रान्सहून प्रथम आलेल्या मूळपुरुषापर्यंत जाऊन पोचला. भाऊ, बहिणी, कोण कुठे नेला गेला, कोण इंग्लंडात वारला, सगळे सांगितले. आणि बायकांची नावे माहेरच्या आडनावासकट! आपल्या जुन्या कुलवृत्तान्तांत पुरुषांची नावे ओळीने असतात आणि बायकांच्या जागी नुसती रेघ असते. तिकडे त्या अडाणी म्हणवणाऱ्या शेतकऱ्यांनी आजीचे माहेरही हरवू दिले नाही.

गंमत अशी, की जळाली असे जिच्याबद्दल वाटावे ती ग्राँ-प्रेची वही पुरती गेलेलीच नव्हती. दुसऱ्या बाजूला फेकल्या गेलेल्या निर्वासितांनी ती जिवापाड जपून अमेरिकेच्या दक्षिणेला लुइझियानात नेली. तिचा उरलेला भाग आज बॅटन रूजच्या दफ्तरखान्यात आहे. सामानात जागा मोजकी, आणि त्यात हे बाड! कुणीतरी एखादे पातेले मागे ठेवले असेल तेव्हाच ते नेता आले असेल, असे मला आपले वाटते.

सगळ्यांचेच बस्तान बसले असे नाही. जोसेफ लब्लाँ नावाचा एक बडा शेतकरी होता. लोक त्याला ‘हडकुळा’ म्हणत. १७४४ साली त्याने फ्रेंच फौजेला गुरे पुरवली आणि इंग्रजांचा रोष ओढवून घेतला. भरल्या घरादाराचा धनी. पण दारोदार हिंडत शेवटी याच बेल-ईलवर येऊन १७७२ साली पंचाहत्तरीत वारला. बेटाची जमीनही सर्वांना लाभली नाही. पुष्कळ जण पुन्हा बाहेर पडले. १७८५ साली सात जहाजांतून फ्रान्समधले सुमारे सोळाशे अकेडियन लुइझियानाला गेले. तिथे ‘अकादियाँ’चे बोलता बोलता ‘केजन’ झाले, आणि त्या नावाने त्यांचे वंशज आजही ओळखले जातात. २००३ साली इंग्लंडच्या राणीच्या नावाने निघालेल्या जाहीरनाम्यात या हद्दपारीचे दुःख मान्य करण्यात आले आणि २८ जुलै हा तिचा स्मरणदिन ठरला. अडीचशे वर्षांनी का होईना!

जमीन हिसकावून घेता येते, घर जाळता येते. तोंडपाठ असलेले नाव मात्र कुणाला सरकारजमा करता येत नाही. आपल्यावर तसा प्रसंग देव न करो. पण आपण नावे विसरतो ती कुणी हुकूम काढतो म्हणून नव्हे, कुणी विचारत नाही म्हणून. या दिवाळीत फराळ आटोपला, की आजीपाशी कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि तिच्या आजीचे माहेर विचारा. ती आधी हसेल. मग बराच वेळ बोलत राहील. लिहून घ्या.