सव्वा महिना थांबू नका!

"डॉक्टर, सव्वा महिना होऊ द्या, मग आणतो बाळाला." एनआयसीयूमधून बाळ घरी नेताना अनेक आज्या हे म्हणतात. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण तुमचं बाळ 34 आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा त्याचं जन्मवजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर हा सव्वा महिना त्याच्या नजरेवर बेतू शकतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यातल्या पडद्यावर रक्तवाहिन्या पूर्ण पसरलेल्या नसतात. जन्मानंतर त्या वेड्यावाकड्या वाढल्या, तर पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. या आजाराला आरओपी म्हणतात. बाहेरून डोळे छान टपोरे दिसतात. थेंब घालून पडदा तपासल्याशिवाय काहीही कळत नाही. म्हणून पहिली तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत हवी. बाळ 28 आठवड्यांच्या आतलं किंवा 1200 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं असेल, तर 2 ते 3 आठवड्यांतच. आजार वेळेत सापडला तर लेझरने बहुतेकदा नजर वाचते. पडदा सुटल्यावर मात्र फारसं काही हातात उरत नाही. सव्वा महिना संपेपर्यंत ही तारीख उलटून गेलेली असते!

दुसरं नेहमीचं वाक्य : "याचा बापही उशिराच बोलला." अहो, बाप नऊ महिने पूर्ण करून आला होता! या बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, दोष असल्यास निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्याच्या आत सुरू व्हायला हवेत. ऐकूच आलं नाही तर बोलणार कसं?

वाढ मोजताना बाळ जितकं लवकर आलं तितके दिवस वयातून वजा करा. दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, की त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाची अपेक्षा ठेवा. तरीही मान धरत नसेल, अंग ताठ वाटत असेल किंवा मुठी सतत आवळलेल्या असतील, तर 'करेल हळूहळू' म्हणून बसू नका. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

आम्ही डॉक्टरही धुतल्या तांदळासारखे नाही. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत दोन ओळी खरडायच्या आणि 'पालक आलेच नाहीत' म्हणायचं, हा कामचुकारपणा आहे. तारीख मराठीत लिहून, समजावून मागा. तो तुमचा हक्क आहे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा बाळांची तपासणी मोफत होते. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी केंद्राची चौकशी करा.

बाळंतिणीला विश्रांती द्या, पाहुण्यांची वर्दळ टाळा, हे उत्तमच. पण तपासणीसाठी बाळाला टोपडं घालून, छातीशी धरून बाबाही नेऊ शकतो. जीव वाचवायला दिवसरात्र एक केलेत, आता एका तारखेसाठी नजर गमावू नका. आज घरी गेल्यावर कार्ड काढा आणि 30वा दिवस कधी येतो, ते कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.