मक्याला विसावा

मेक्सिकोत नाताळचा सण २५ डिसेंबरला संपत नाही. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, घराघरांत कड्याच्या आकाराचा गोड पाव कापला जातो. त्याच्या पोटात बाळ येशूची इवलीशी मूर्ती दडवलेली असते. ज्याच्या तुकड्यात ती सापडते, त्याच्यावर एक ऋण चढते. नाताळपासून चाळिसाव्या दिवशी, म्हणजे २ फेब्रुवारीच्या कांदेलारिया सणाला, त्याने सर्वांना तामाल खाऊ घालायचे. हे ऋण कोणी लिहून ठेवत नाही, तरी ते सहसा कोणी बुडवतही नाही.

तामालचा आपल्या तमालपत्राशी काहीही संबंध नाही. मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतील ‘तमाली’ या शब्दावरून हे नाव आले. मक्याचे भिजवलेले पीठ कणसाच्या वाळलेल्या सालीवर पसरायचे, मधे सारण ठेवायचे, साल दुमडून पुडी करायची आणि ती वाफेवर शिजवायची, हे त्याचे रूप. कोकणातली हळदीच्या पानातली पातोळी आणि केळीच्या पानातली पानगी ज्यांनी केली आहे, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. मेक्सिकोच्या दक्षिण भागात, ओआहाका प्रांतात, तर तामाल केळीच्याच पानात बांधतात.

एकट्या हातांचे हे काम नव्हे. आदल्या दिवशी आजी, लेकी, सुना, शेजारणी आणि मुले एका मेजाभोवती बसतात. कोणी साली पुसते, कोणी पीठ पसरते, कोणी सारण भरते, कोणी पुड्या बांधते. या बैठकीला ‘तामालादा’ असे स्वतंत्र नावच आहे. पापड-कुरडयांच्या दिवसांत आपल्या अंगणात जे घडत असे, तेच तेथे आजही घडते.

परंतु जैन घरात या पदार्थाचे नाव निघाले की पहिला आक्षेप योग्य तोच येतो. आजच्या रूढ तामालच्या पिठात डुकराची चरबी फेटून घालतात. सारणात बहुधा मांस असते आणि रश्श्यात कांदा-लसूण. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांतील मुले मेक्सिकन शेजाऱ्यांच्या घरी हा सण पाहतात आणि आईकडे तोच पदार्थ मागतात. तेव्हा आईपुढे दोनच वाटा दिसतात: सरळ नकार द्यावा, किंवा अर्धे जिन्नस वगळून काहीतरी नकली करून द्यावे. खरे पाहता तिसरी वाट आहे, आणि ती इतिहासातून जाते.

डुक्कर हा मूळ मेक्सिकोचा प्राणी नव्हे. तो सोळाव्या शतकात स्पॅनिश जेत्यांच्या जहाजांतून तेथे आला. आज मेक्सिकोत सर्वत्र वापरला जाणारा कांदा आणि लसूण हेही त्यांच्याच बरोबर आले. तामाल मात्र त्याआधीपासून होते. बेर्नार्दिनो दे साआगून या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने सोळाव्या शतकात नाहुआ वृद्धांना विचारून त्यांच्या जीवनाची बारा भागांची विस्तृत नोंद केली. तीत बाजारात विकल्या जाणाऱ्या तामालचे अनेक प्रकार आहेत. त्यांत मांसाचे प्रकारही होते, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु डुकराची चरबी तेव्हा त्या भूमीवर नव्हतीच. म्हणजे चरबी वगळून केलेला तामाल हा उणा किंवा नकली ठरत नाही. आधीच्या काळातील तामालशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

साआगूनच्या नोंदींत याहून विलक्षण एक गोष्ट आहे. दर आठ वर्षांनी नाहुआ लोक ‘आतामाल्क्वालिस्त्ली’ नावाचा उत्सव करीत. त्याचा अर्थ ‘पाण्याचे तामाल खाणे’. उत्सवापूर्वी सात दिवस लोक केवळ पाण्यातले तामाल खात. त्यात मिरची नाही, मीठ नाही, खार नाही, चुना नाही. कारण विचारल्यावर वृद्धांनी जे सांगितले, त्याचा आशय असा होता: आपण मक्याला फार यातना देतो. त्याला चुन्यात शिजवतो, मीठ लावतो, मिरची चोळतो. म्हणून आठ वर्षांतून एकदा त्याला विसावा द्यायचा, म्हणजे तो पुन्हा तरुण होतो.

आयंबिलाची ओळी करणाऱ्या श्रावक-श्राविकांना हे वाचून क्षणभर थांबावेसे वाटेल. तेल, तूप, दूध, दही, गूळ, साखर यांचा त्याग करून केवळ उकडलेले, निरस अन्न दिवसातून एकदा घेणे, हे व्रत चैत्र आणि आश्विन महिन्यांत नऊ-नऊ दिवस चालते. दोन्हींचे बाह्य रूप जवळचे आहे, हेतू मात्र एक नाही. आयंबिलात रसनेवर विजय मिळवायचा असतो. नाहुआंच्या व्रतात धान्याविषयीची अपराधभावना होती. तरीही वनस्पतिकाय हाही जीवच आहे, असे मानणाऱ्या परंपरेला मक्याच्या यातनांचा विचार करणारी माणसे अगदीच अनोळखी वाटू नयेत.

येथे विवेकाची कसोटी लागते. त्याच उत्सवात काही लोक पाण्यात सोडलेले जिवंत साप आणि बेडूक दातांनी पकडून गिळत, आणि त्याच समाजात नरबळीही दिले जात. धान्याविषयी करुणा आणि प्राण्यांविषयी इतकी क्रूरता एकाच ठिकाणी नांदत होती. एका गोष्टीमुळे दुसरी झाकली जात नाही आणि पुसलीही जात नाही. अनेकान्त दृष्टी ज्यांना लाभली आहे, त्यांनी दोन्ही पाहावे आणि ग्राह्य तेवढे घ्यावे.

काय सोडावे हे ठरले. काय सोडू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मेक्सिकन स्वयंपाकाचा प्राण चुन्यात आहे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून, मुरवून, साल चोळून काढतात आणि मग वाटतात. या प्रक्रियेने पीठ चिकटून येते, त्यात कॅल्शियम उतरते आणि मक्यात बांधलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. युरोपीयांनी मका आपल्या देशांत नेला, पण ही कृती नेली नाही. परिणामी, जेथे गरिबांचे पोट केवळ मक्यावर भरत असे, त्या स्पेन आणि उत्तर इटलीच्या भागांत अठराव्या शतकात पेलाग्रा हा रोग पसरला. मका गेला, त्याचा संस्कार मात्र मागे राहिला.

परंपरेने दाणे चुन्याच्या पाण्यात रात्रभर ठेवतात. रात्रभर ओले राहिलेले अन्न ज्यांना चालत नाही, त्यांनी ही प्रक्रिया करून वाळवलेले तयार पीठ वापरावे. ‘मासा आरिना’ या नावाने ते मोठ्या शहरांतील दुकानांत मिळते. आपले नेहमीचे मक्याचे पीठ येथे चालत नाही. ते बांधून येत नाही.

सुमारे चोवीस तामालांसाठी अर्धा किलो मासा आरिना घ्यावे. कणसाच्या वाळलेल्या तीस साली उलगडून, प्रत्येक घडी तपासून, कोरड्या कापडाने पुसाव्यात. जयणेचे हे पहिले काम. मग गाळलेल्या गरम पाण्यात त्या तासभर भिजवाव्यात. चरबीच्या जागी लोणी घेण्याचा मोह होईल. परंतु लोणी महाविगईत मोडते. त्याऐवजी २०० ग्रॅम थिजलेले साजूक तूप पांढरे व हलके होईपर्यंत फेटावे. त्यात पीठ, दीड चमचा मीठ, दीड चमचा बेकिंग पावडर आणि थोडे थोडे करून सुमारे पाऊण लिटर कोमट पाणी घालून फेटत राहावे. पिठाची लहान गोळी थंड पाण्यात टाकून पाहावी. ती तरंगली तर पीठ तयार झाले. बुडाली तर आणखी फेटावे.

सारणासाठी मेक्सिकोतीलच एक रीत सोयीची आहे: भाजलेल्या मिरचीच्या पट्ट्या आणि चीज. तेथील पोब्लानो मिरचीऐवजी भज्यांची मोठी मिरची किंवा ढोबळी मिरची विस्तवावर भाजून, सोलून, बिया काढून घ्यावी. बाजारातील चीजमध्ये प्राणिज रेनेट असू शकते, म्हणून घरचे ताजे पनीर बरे. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असेल तर गोड तामाल करावेत: पिठात मीठ चिमूटभरच ठेवून साखर, दालचिनीची पूड आणि तपासून घेतलेले बेदाणे घालावेत. मेक्सिकोत असे गोड तामाल बहुधा गुलाबी रंगाचे असतात. हवा असल्यास बिटाऐवजी डाळिंबाचा रस वापरावा. काळ्या घेवड्याचे सारण केले, तर वर कच्चे दही किंवा आंबट साय वाढू नये. तेथे द्विदलाचा दोष येतो.

सालीच्या गुळगुळीत बाजूवर पीठ पसरून, सारण भरून, दोन्ही कडा एकमेकींवर आणाव्यात आणि निमुळते टोक खाली दुमडावे. मोदकपात्रात पुड्या उघडे तोंड वर करून उभ्या रचाव्यात व झाकण घट्ट लावून सव्वा तास वाफवाव्यात. मेक्सिकोतील गृहिणी भांड्याच्या तळाशी पाण्यात एक नाणे टाकून ठेवतात. पाणी उकळत असेपर्यंत ते खुळखुळते. आवाज थांबला की पाणी आटले असे समजावे. साल पिठापासून सहज सुटू लागली की तामाल शिजले. दहा मिनिटे झाकून ठेवावेत, मग वाढावेत.

सोबत आतोले हवे. एक लिटर पाण्यात दालचिनीची एक काडी आणि सव्वाशे ग्रॅम गूळ उकळावा. पाऊण वाटी मासा आरिना थंड पाण्यात कालवून त्यात ओतावे आणि पंधरा मिनिटे सतत ढवळत शिजवावे. थंडीतल्या दुपारी हे दाट, गरम पेय लहान-थोर सर्वांना रुचते.

नाताळच्या पूर्वरात्रीचे मेक्सिकन जेवण मध्यरात्रीच्या सुमारास होते. रात्रिभोजनाचा त्याग करणाऱ्यांना ते शक्य नाही. कांदेलारियाचे तामाल मात्र दिवसाउजेडी खाता येतात. उरलेले तामाल दुसऱ्या दिवशी तव्यावर परतून खाण्याची तेथे पद्धत आहे. आपल्याकडे शिळे ठेवायचे नाही, म्हणून चोवीस पुड्यांपैकी घरच्यांपुरत्या बाजूला काढाव्यात आणि उरलेल्या सूर्यास्तापूर्वी मुलांच्या हाती शेजारी पाठवाव्यात. पावात मूर्ती कोणाला सापडली, हे विचारण्याची त्यासाठी गरज नाही.