तबकडी हाती, खेळ बंद

राधानगरीसारख्या तालुक्याच्या गावात संगणकीय खेळाची जुनी तबकडी घेणारा, खेळ सुरू न झाल्यास दोष तबकडीला देतो. प्रत्यक्षात एकही ओरखडा नसलेली तबकडी निरुपयोगी ठरू शकते. २००४ मधील ‘हाफ-लाइफ २’चा सांकेतिक क्रमांक पहिल्या मालकाच्या ‘स्टीम’ खात्याशी जोडला जाई. २००८ मधील ‘स्पोअर’वर प्रारंभी ३ संगणकांची मर्यादा होती. नक्कल रोखणाऱ्या ‘सेफडिस्क’ प्रणालीला २०१५ मध्ये ‘विंडोज १०’ने थारा दिला नाही, तिच्यावर विसंबलेले अनेक खेळ मूळ तबकडीवरूनही सुरू होईनासे झाले. चाचेगिरीला आळा घालणे रास्तच. परंतु त्याची किंमत पैसे मोजणाऱ्या प्रामाणिक ग्राहकाने का चुकवावी? खेळाचे पाठबळ थांबविताना कंपन्यांनी ही कुलपेही काढून द्यावीत, ही अपेक्षा अवाजवी नाही.