पहिल्या वर्षी गुण घसरले, पुढे काय?

बारावीपर्यंत कायम पहिला येणारा विद्यार्थी कोल्हापूरच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्याच चाचणीत ५५ टक्क्यांवर येऊ शकतो. कारण शेजारच्या बाकावरही पहिलाच येणारा असतो. शिवाय नीटमध्ये पर्याय निवडायचे असतात. इथे शरीररचनाशास्त्राची दीर्घ उत्तरे लिहायची आणि तोंडी परीक्षाही द्यायची असते. उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के लागतात. प्रथम वर्षासाठी कमाल ४ संधी मिळतात. त्यामुळे सरासरी गुणांची लाज नको, पण ढिलाईही परवडणारी नाही. उत्तरपत्रिका घेऊन शिक्षकांना गाठावे, सीनियरना विचारावे, झोप मोडू नये. महाविद्यालयांनीही चाचणीच्या निकालावरून मागे पडणारे विद्यार्थी वेळीच ओळखावेत. विद्यापीठाच्या परीक्षेनंतर जाग येऊन उपयोग नाही.