‘आमीन’ लिहिण्याआधी पेज कोणाचं ते पाहा

काबाशरीफचा फोटो आणि खाली ओळ: ‘आमीन लिहा, दहा जणांना पाठवा.’ घरातल्या दादी-नानी लगेच ‘आमीन’ लिहितात. त्यांची नियत साफ असते. पण पेज चालवणाऱ्याला अनेकदा दुआ नको, आकडा हवा असतो. कमेंट वाढल्या की पोस्ट आणखी लोकांपर्यंत जाते, फॉलोअर वाढतात. पेज मोठं झालं की विकलं जातं, नाव बदलतं. मग त्याच लोकांना जाहिराती, अफवा किंवा राजकीय प्रचार दाखवला जातो.

ज्यांना एवढा धीर नाही, ते फॉलोअर थेट विकत घेतात. अमेरिकेतली देवुमी कंपनी हाच माल विकायची. २०१८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केलं की, किमान ३५ लाख बनावट खाती पुन्हा पुन्हा विकून तिने २० कोटींहून अधिक फॉलोअर पुरवले होते. हजारो खात्यांवर खऱ्या माणसांची नावं आणि फोटो होते. आपल्याकडेही २०२० मध्ये गायिका भूमी त्रिवेदी यांच्या तक्रारीनंतर मुंबई पोलिसांनी अशा धंद्याचा तपास केला.

पण खरा धोका पैशांच्या पलीकडे आहे. ‘युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका’ नावाच्या फेसबुक पेजला तीन लाखांहून अधिक फॉलोअर होते. ते चालवत होती रशियातली एक कंपनी! तिचंच दुसरं पेज टेक्सासच्या अभिमानाच्या नावाखाली मुसलमानांविरुद्ध लोकांना भडकवत होतं. २१ मे २०१६ रोजी ह्यूस्टनच्या इस्लामिक सेंटरबाहेर दोन्ही पेजांनी एकाच वेळी लोकांना बोलावलं. दोन्हीकडून खरी माणसं आली आणि समोरासमोर उभी राहिली. पुढे सिनेटच्या समितीत सांगण्यात आलं की, यासाठी खर्च आला फक्त २०० डॉलरच्या आसपास.

म्हणजे पेजचं नाव मुस्लिम, फॉलोअर लाखो, तरी ते आपलं असेलच असं नाही. सूरह हुजुरातमध्ये बातमीची आधी खातरजमा करण्याची ताकीद आहे. ती मोबाईललाही लागू होते.

खातरजमा अवघड नाही. फेसबुकवर पेजच्या माहितीत ‘पेज ट्रान्सपरन्सी’ उघडा. पेज कधी सुरू झालं, आधीचं नाव काय होतं, चालवणारे कोणत्या देशात आहेत, हे तिथे कळतं. काल ‘शायरी’ असलेलं पेज आज ‘मदत फंड’ झालं असेल, तर एक रुपयाही पाठवू नका. घरातल्या मोठ्यांनाही हे शांतपणे दाखवा.

दुआ मागायला कमेंट लागत नाही. तुमचं ‘आमीन’ कुणाच्या दुकानाचा माल होऊ देऊ नका.