फॉरेन्सिक सायकॉलॉजीची पदवी घरबसल्या?

पदवीचे निकाल लागले की मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून आणि त्यांच्या आईवडिलांकडून एक प्रश्न हल्ली हमखास येतो. फॉरेन्सिक सायकॉलॉजीत ऑनलाइन एमए किंवा एमएस्सी करावी का? विचारणारे सगळे वेबसिरीज पाहून भारावलेले असतात, असे समजून त्यांची टिंगल करण्याची पद्धत आहे. ती मला पटत नाही. यात मानसशास्त्रात बीए करून लग्नानंतर तालुक्याच्या गावी गेलेली मुलगी असते, रात्रपाळी संपवून पुस्तक उघडणारा पोलीस शिपाई असतो, बालगृहात आठ-दहा वर्षे काम केलेल्या ताई असतात. पुण्या-मुंबईत खोली घेऊन दोन वर्षे राहणे यांतल्या कुणालाच परवडणारे नाही. त्यांना हा विषय शिकायचा आहे आणि त्यांच्यासारख्या माणसांची या क्षेत्राला गरजही आहे.

तरीही माझे उत्तर सरळ ‘हो’ असे नाही. विषय समजून घ्यायचा असेल तर पडद्यावर जरूर शिका. पण त्या पदवीच्या बळावर उद्या आरोपीसमोर किंवा अत्याचार सोसलेल्या मुलासमोर बसून अहवाल लिहायचा असेल, तर घरबसल्या मिळालेले शिक्षण पुरणार नाही. कारण त्या अहवालावर दुसऱ्या कुणाचे तरी आयुष्य ठरते.

आधी हा विषय म्हणजे काय ते पाहू. न्यायसहायक मानसशास्त्र म्हणजे खुन्याच्या डोक्यात शिरून त्याचा पत्ता सांगणे नव्हे. साक्षीदाराची आठवण कितपत भरवशाची, मुलाला प्रश्न कसे विचारावेत, आरोपी खटला समजून घेण्याच्या मनःस्थितीत आहे का, कैदी पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती, असे हे रोजचे, बरेचसे कंटाळवाणे प्रश्न आहेत. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग या मानसशास्त्रज्ञाने साक्षीदारांच्या चुकांवर १९०८ साली पुस्तक लिहिले, तेव्हा वकिलांनी त्याची खिल्ली उडवली होती. पुढे १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फीत दाखवली आणि गाड्यांचा वेग विचारला. काहींना विचारले, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना विचारले, ‘आदळल्या’ तेव्हा किती होता? ‘आदळल्या’वाल्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने पुन्हा विचारले, फुटलेली काच दिसली का? फितीत काच फुटलेलीच नव्हती. तरी ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना ती आठवली, ‘लागल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जणांना. प्रश्नातल्या एका क्रियापदाने आठवण बदलली. पोलीस ठाण्यात जबाब घेताना किती क्रियापदे वापरली जात असतील, याचा विचार करून पाहा.

हे सगळे पडद्यावर उत्तम शिकता येते. स्मृतीचे प्रयोग, संख्याशास्त्र, कायद्याची कलमे, शोधनिबंध कसा वाचावा, यासाठी वर्गाच्या चार भिंती लागत नाहीत. चांगल्या प्राध्यापकाचे रेकॉर्ड केलेले व्याख्यान वाईट प्राध्यापकाच्या वर्गापेक्षा केव्हाही बरे, आणि आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांची अवस्था पाहता ही तुलना काल्पनिक नाही.

अडचण पुढे येते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १५ नुसार, १६ ते १८ वर्षे वयाच्या मुलावर घृणास्पद गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळ त्याचे प्राथमिक मूल्यांकन करते. गुन्हा करण्याची त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि गुन्हा घडला ती परिस्थिती पाहून, त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, हे ठरवण्याकडे पाऊल पडते. मुदत तीन महिने. मंडळाने यासाठी अनुभवी मानसशास्त्रज्ञाची मदत ‘घ्यावी’ की ‘घेता येईल’, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकारशास्त्रातली पदवी असलेली व्यक्ती नसेल तर ही मदत घेणे बंधनकारकच आहे, असे न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितले. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये दोघांचा जीव गेला, तेव्हा त्या ३०० शब्दांच्या निबंधावर महाराष्ट्रभर चर्चा झाली. मुलाचे मूल्यांकन कोण करतो, कसे करतो आणि ते करायला तो कुठे शिकला, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही.

हे मूल्यांकन करणारा माणूस त्या मुलासमोर बसलेला असतो. मूल गप्प बसते. ते घाबरून गप्प आहे, की वकिलाने सांगितले म्हणून, की त्याला प्रश्नच कळला नाही? बुद्ध्यांकाची चाचणी ज्या मुलांवर प्रमाणित झाली ती शहरातली होती आणि समोरचा मुलगा पाड्यावरचा आहे, तर आकड्यावर किती विश्वास ठेवायचा? शेजारी आई बसली असताना उत्तर बदलते का? असे दहा-वीस प्रसंग अनुभवी मार्गदर्शकाच्या नजरेखाली पार पडले, चुका दाखवल्या गेल्या, अहवाल खोडून परत लिहावा लागला, की मग हात बसतो. शस्त्रक्रिया व्हिडिओ पाहून शिकलेल्या डॉक्टरकडे आपण जात नाही. मनाच्या बाबतीत मात्र आपण पटकन उदार होतो!

या उदारपणाची किंमत काय असते, याचे उदाहरण पुण्यातच घडले आहे. २००८ साली एका खून खटल्यात सत्र न्यायालयाने दिलेल्या निकालात, आरोपी तरुणीच्या मेंदूतील विद्युत लहरींवरून तिला गुन्ह्याची ‘अनुभवजन्य माहिती’ आहे, असे सांगणाऱ्या चाचणीचा आधार होता. जगभरच्या मेंदूतज्ज्ञांनी भुवया उंचावल्या. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने या तंत्राला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे म्हटले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्या तरुणीला जामीन दिला. ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या संमतीशिवाय करण्यास मनाई केली. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही पुरावा म्हणून थेट ग्राह्य नाही. तरी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या जाहिरातींत ‘नार्को’ आणि ‘लाय डिटेक्टर’ हे शब्द अजून ठळक अक्षरांत असतात. जाहिरातीत हे शब्द आधी आणि ‘पर्यवेक्षणाखालील प्रत्यक्ष काम’ कुठेच नाही, असे दिसले तर मी तरी ते पान पुढे वाचत नाही.

आता नियमांविषयी, कारण इथे पैसे बुडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून आरोग्य आणि संलग्न क्षेत्रांतले अभ्यासक्रम ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने चालवण्यास मनाई केली आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्याखाली येणारे विषय त्यात आहेत, आणि मानसशास्त्राचा उल्लेख नावानिशी आहे. म्हणजे भारतीय विद्यापीठाची नवी ऑनलाइन एमए मानसशास्त्र हा रस्ता सध्या बंद आहे.

दुसरी गोष्ट जाहिरातवाले सांगत नाहीत. आपल्या कायद्यात ‘फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट’ नावाचे पदच नाही. आरोपी मनोरुग्ण असल्याचा संशय आला तर त्याला मनोविकारतज्ज्ञ किंवा ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’कडे पाठवण्याची तरतूद फौजदारी प्रक्रियेत आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते आणि तिच्यासाठी रुग्णालयातले पर्यवेक्षित प्रशिक्षण लागते. नव्या फौजदारी कायद्यांनी सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाला घटनास्थळी बोलावण्याची तरतूद केली, तेव्हापासून ‘फॉरेन्सिक’ शब्दाला बाजारात भाव आला आहे. तो तज्ज्ञ रक्त, ठसे, मोबाइल पाहणारा असतो. मन पाहणारा नव्हे.

मग परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी? ब्रिटनमध्ये ‘फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट’ ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. तिथल्या मानसशास्त्र संघटनेची मान्यता असलेली मास्टर्स ही केवळ पहिली पायरी. पुढे किमान दोन वर्षे पर्यवेक्षणाखाली तुरुंगात, रुग्णालयात काम केल्यावरच नोंदणी होते. अमेरिकेत स्वतंत्रपणे मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्याच्या परवान्यासाठी सर्वसाधारणपणे डॉक्टरेट लागते. ज्या देशांची पदवी आपल्याला विकली जाते, त्या देशांतही नुसत्या पदवीवर कुणी अहवालावर सही करत नाही. शिवाय एखाद्या एडटेक कंपनीमार्फत मिळणाऱ्या परदेशी ऑनलाइन पदव्यांना मान्यता नसल्याचे आयोगाने डिसेंबर २०२३ मध्येच जाहीर केले आहे.

इथवर वाचून आयोगाने केले ते बरोबरच, असे कुणी म्हणेल. अर्धेच बरोबर, असे माझे मत आहे. मनाई करणे एका परिपत्रकाचे काम होते. तालुक्यातल्या त्या मुलीसाठी पर्याय कुठे आहे? गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे संकुल गोव्यात आले, हे चांगले झाले. पण धाराशिव, नंदुरबार, गडचिरोलीहून तेही लांबच. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम १०३ नुसार प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना असायला हवी. अशी ठिकाणे उभी राहिली तर तीच प्रशिक्षणाची उत्तम जागा आहेत. जिल्ह्या-जिल्ह्यांत निरीक्षणगृहे आहेत, कारागृहे आहेत, पॉक्सोची विशेष न्यायालये आहेत, जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्य विभाग आहेत. सिद्धान्त पडद्यावर आणि प्रात्यक्षिक आपल्याच जिल्ह्यात, नोंदणीकृत पर्यवेक्षकाच्या हाताखाली, तासांची नोंदवही ठेवून, असा मिश्र अभ्यासक्रम अशक्य नाही. अवघड आहे तो पर्यवेक्षक. तो मिळायचा तर जिल्हा पातळीवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची कायम, बऱ्या पगाराची पदे निर्माण करावी लागतील आणि ती भरावी लागतील. परिपत्रकाला पैसा लागत नाही, पदांना लागतो. सरकार कुठे थांबले, ते यावरून कळते.

तोवर जे विचारताहेत त्यांना एवढेच सांगतो. फी भरण्यापूर्वी विद्यापीठाला ईमेल करा आणि उत्तर लेखी मागा. या पदवीवर पुनर्वास परिषदेची नोंदणी मिळते का? भारतात समकक्षता मिळते का? प्रत्यक्ष काम किती तासांचे, कुठल्या शहरात, कुणाच्या पर्यवेक्षणाखाली? ‘आमचे करिअर समुपदेशक आपल्याला फोन करतील’ असे उत्तर आले, तर पैसे खिशातच ठेवा. पोलीस, वकील, बालगृहातले कर्मचारी यांना मात्र या विषयातला एखादा छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आपल्या आहे त्या कामात उपयोगी पडेल. जबाब घेताना ‘त्याने तुला कुठे मारले?’ ऐवजी ‘काय झाले ते सांग’ असे विचारायला पदवी लागत नाही.